कासोटा आणि कायदा

परळच्या गिरण्यांचा इतिहास सांगताना भोंगा येतो, संप येतो, चाळी येतात. बायकांच्या लुगड्याचा विषय मात्र कुणी काढत नाही. गिरणीत बाईनं कुठल्या यंत्राजवळ जायचं, हे ठरवताना त्या लुगड्याचाही विचार झाला होता.

माझी आजी साताऱ्याकडची. लग्न होऊन परळच्या चाळीत आली आणि वायंडिंग खात्यात लागली. विसाच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे जवळजवळ एक बाई असे, आणि बहुतेकजणी वायंडिंग नाहीतर रीलिंगमध्ये असत. आजी लागली तोवर हे प्रमाण घसरू लागलं होतं. ती सांगायची, कामावर निघताना कासोटा घट्ट मारायचा, पदर कमरेला गुंडाळून खोचायचा, बांगड्या वर सारायच्या आणि डोक्याला फडकं बांधायचं. नाहीतर घरी येईस्तोवर केसांत रुई. "येंत्राला पदर कळत न्हाई," हे तिचं ठरलेलं वाक्य.

सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात हवा दमट ठेवत. त्या उकाड्यात पुरुष अर्धी चड्डी-बनियनवर, कितीतरी जण उघड्या अंगानं साचे चालवत. त्यावरून चाळीत कधी कुणी नाक मुरडल्याचं आजीला आठवत नव्हतं.

1948 च्या कारखाना कायद्यातलं कलम 22 मी पुढे वाचलं. चालू यंत्राची तपासणी करायची तर ती प्रशिक्षित, प्रौढ पुरुष कामगारानंच करावी, त्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकानं पुरवावेत, असं त्यात होतं. बाईला मात्र चालू यंत्र पुसायला किंवा त्याला तेल घालायला मनाई होती. धोका खराच होता. पण पुरुषासाठी कायद्यानं कपडे मागवले आणि बाईला लांब उभं केलं. तिलाही तसेच कपडे द्यावेत, हे कुणाला सुचलं नाही. खरं तर दोन्ही पाय मोकळे ठेवणारा आजीचा कासोटा विजारीहून फार वेगळा नव्हता. संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत बाईला काम नाही, हाही नियम होताच. त्याआधी 1929 मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, तेव्हा बायका ठेवणं मालकांना महाग वाटू लागलं. वायंडिंगची यंत्रं सुधारली तशी माणसंही कमी लागू लागली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा गिरण्यांत बायका मोजक्याच उरल्या होत्या.

आत्या परळच्याच एका रुग्णालयात नर्स झाली. पांढरा फ्रॉक, पट्टा, डोक्याला टोपी. घरून ती साडी नेसून जायची आणि तिथे जाऊन कपडे बदलायची, कारण पोटऱ्या दिसतात म्हणून गावच्या भावकीनं काहूर माजवलं होतं. आत्याच्या एका चुलत आजोबांनी तर हिचं लग्न जमायचं नाही, असं सांगून टाकलं. आजी त्यांना म्हणाली, "माज्या पोटऱ्या समद्या गिरणीनं बघितल्या, मामंजी. तवा पगाराची मनिऑर्डर परत न्हाई धाडली तुमी." तो विषय तिथेच संपला. आत्या मात्र निवृत्तीपर्यंत साडीतच घराबाहेर पडली.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट नको म्हणून परिपत्रक काढलं. मार्च 2024 मध्ये शिक्षकांसाठी निर्णय आला. पुरुषांनी शर्ट-पँट घालून शर्ट आत खोचावा. बायकांनी साडी, नाहीतर सलवार किंवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा. दिवसभर फळ्याशी उभं राहणाऱ्या, मुलांमागे जिने चढणाऱ्या बाईला त्या दुपट्ट्याचा उपयोग काय, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलसारख्या ठिकाणी सुरक्षारक्षक बायका शर्ट-पँटमध्ये आठ-आठ तास उभ्या असतात, आणि त्यांच्या कामाचं दुपट्ट्यावाचून काही अडत नाही.

कामाचा पोशाख कामानं ठरवावा. गणवेशाचं पुढचं परिपत्रक काढणाऱ्यांनी सहीआधी एक पाळी त्या कामावर काढावी आणि तिथल्या बाईला विचारावं. आजीला कुणी विचारलं असतं, तर कलम 22 बहुधा वेगळं लिहिलं गेलं असतं.