कपडद्वारा ते जनआधार : जयपूरच्या सरकारी नोंदींची राखण

मोठ्या सरकारी संस्थेसाठी इंटरनेटवर चालणारी प्रणाली उभारताना सुरक्षेचा विचार बहुधा बाहेरून येणाऱ्या हल्लेखोराला समोर ठेवून केला जातो. परंतु जयपूर या राजधानीतील नोंदींचा तीन शतकांचा इतिहास पाहिला, तर सरकारी दफ्तराला सर्वांत मोठा धोका ते दफ्तर सांभाळणाऱ्यांकडूनच पोहोचत आला आहे, असे दिसते. आजच्या प्रणालींची पारख करताना हा इतिहास विसरता येत नाही.

सवाई जयसिंह यांनी 1727 मध्ये जयपूर वसवले, तेव्हा आमेरच्या कछवाहा दरबाराची कागदपत्रे ठेवण्याची शिस्त आधीपासूनच पक्की झालेली होती. परगण्यांच्या जमाखर्चाचे तपशीलवार हिशेब ‘अडसट्टा’ नावाच्या कागदांत लिहिले जात, दरबाराच्या दैनंदिन घडामोडी ‘सियाह हजूर’मध्ये नोंदवल्या जात, आणि कोणत्या समाजातील कोणाला कोणता मान, कोणती देणगी दिली याची जातवार नोंद ‘दस्तूर कौमवार’मध्ये होत असे. यांतील फार मोठा भाग आज बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात आहे. मात्र मोगल बादशहांची फर्माने, नकाशे आणि राजघराण्याचे नाजूक कागद ‘कपडद्वारा’ या राजवाड्यातील खास कोठारात, मौल्यवान वस्तूंच्या सोबतीने, वेगळे ठेवलेले असत. म्हणजे सगळे कागद सारख्याच कडेकोटात ठेवायचे नसतात, त्यांची प्रतवारी करून प्रत्येक प्रतीला वेगळी राखण लावायची असते, हे तत्त्व संगणकाच्या फार आधी जयपूरच्या कारकुनांना ठाऊक होते.

मराठी वाचकाला याच विचाराची दुसरी बाजू मोर्तबावरून समजेल. पत्राचा मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तबाचा लहान शिक्का उमटवला जाई, कारण त्यामुळे मजकुराच्या शेवटी कोणालाही मागाहून ओळ घुसडता येत नसे. सुरक्षेच्या आधुनिक शास्त्रात तीन गोष्टी सांगितल्या जातात : गोपनीयता, म्हणजे अनधिकृत डोळ्यांपासून बचाव, अविकृतता, म्हणजे नोंदीत लपूनछपून बदल न होणे, आणि उपलब्धता, म्हणजे हवी तेव्हा नोंद हाती लागणे. शिक्का हे काम मुख्यतः अविकृततेचे करी. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याने मान्यता दिलेली डिजिटल स्वाक्षरी तेच काम गणिताने करते : दस्तऐवजाच्या मजकुरावरून एक लहान ठसा काढला जातो, तो सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बांधला जातो, आणि मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा जुळेनासा होतो.

राजस्थानात अविकृततेचा प्रश्न ऐरणीवर आणला तो कोणा तंत्रज्ञाने नव्हे, तर रोजंदारीवर राबणाऱ्या मजुरांनी. 1990 मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांवरील हजेरीपट, म्हणजे ‘मस्टर रोल’, मागायला सुरुवात केली आणि डिसेंबर 1994 पासून गावोगावी जनसुनावण्या घेतल्या. तेथे हजेरीपट मोठ्याने वाचले गेले, तेव्हा त्यांत मृतांची नावे, कामावर न आलेल्यांच्या हजेऱ्या आणि कधीच न झालेली बांधकामे आढळली. हे कागद कुलूपबंद होते, बाहेरचा कोणी त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता, आणि तरीही ते खोटे होते. 1996 मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले, आणि 1997 मध्ये जयपुरात त्रेपन्न दिवसांचे. या दुसऱ्या धरण्याच्या अखेरीस सरकारने जाहीर केले, की पंचायतीच्या कागदांच्या प्रती देण्याचा नियम सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात प्रसिद्ध झालेला आहे. माहितीचा हक्क देणारा नियमच लोकांपर्यंत पोहोचला नव्हता, ही घटना उपलब्धतेच्या अर्थावर कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक प्रकाश टाकते. पुढे 2000 मध्ये राजस्थानचा आणि 2005 मध्ये देशाचा माहिती अधिकार कायदा झाला.

याच काळात जयपूरचे सरकारी कामकाज संगणकाकडे वळत होते. जयपूरची ‘लोकमित्र’ आणि झालावाडची ‘जनमित्र’ या दोन योजना एकत्र करून ‘ई-मित्र’ सेवा उभी राहिली. वीज आणि पाण्याची बिले, दाखले, अर्ज यांसाठी नागरिक गल्लीतील खाजगी चालकाच्या केंद्रात जाऊ लागला. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण सरकारी दफ्तराची खिडकी आता हजारो दुकानांत उघडत होती, आणि नागरिकाऐवजी दुसराच माणूस पडद्यासमोर बसत होता, त्यामुळे अर्ज खरोखर कोणाच्या संमतीने भरला गेला हा प्रश्न तंत्राने पूर्णपणे सोडवता येण्याजोगा राहिला नाही.

15 ऑगस्ट 2014 रोजी राज्याने भामाशाह योजना नव्या रूपात सुरू केली. महाराणा प्रतापांना आपली संपत्ती देणाऱ्या भामाशाहाचे नाव घेणाऱ्या या योजनेत कुटुंबातील स्त्रीला कुटुंबप्रमुख मानून तिच्या बँक खात्यात लाभ जमा करण्याची तरतूद होती, आणि ती या योजनेची खरी थोरवी म्हटली पाहिजे. डिसेंबर 2019 मध्ये तिची जागा जनआधारने घेतली. प्रत्येक कुटुंबाला दहा अंकी क्रमांक मिळाला. शिधा, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, उपचार यांची माहिती एका धाग्यात ओवली गेली. कपडद्वाऱ्यात वेगळे ठेवलेले कागद आणि परगण्याचे हिशेब एकाच खोलीत आणावेत, तसे हे झाले. अशा एकत्रीकरणाने दुबार लाभार्थी पकडता येतात, परंतु एका दोषाची किंमतही तितकीच वाढते.

ती किंमत किती असू शकते याचा अंदाज 2023 मध्ये आला. एका सुरक्षा संशोधकाला जनआधारच्या संकेतस्थळात दोष आढळले : नोंदणीकृत मोबाइल क्रमांक ठाऊक असला, की इतरांची आधारपत्रे, जन्म व विवाहाचे दाखले, उत्पन्नाची कागदपत्रे यांपर्यंत पोहोचता येत होते, आणि एकदाच वापरायचा सांकेतांक, म्हणजे ओटीपी, सर्व्हर नीट तपासत नव्हता. हे दोष नंतर दूर करण्यात आले. त्यांचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. ओटीपीची चौकट पडद्यावर दिसणे म्हणजे पडताळणी होणे नव्हे; मागणी पडद्यावरून आली असो वा थेट पाठवलेली असो, ‘ही व्यक्ती कोण’ आणि ‘या नोंदीवर तिचा अधिकार आहे का’ हे दोन प्रश्न सर्व्हरने दर वेळी स्वतः विचारायला हवेत. दारावर पहारेकरी उभा करून खिडकी उघडी ठेवावी, असा हा प्रकार होता.

देशपातळीवर या बाबतीत चौकट हळूहळू घट्ट होत गेली. 2004 पासून काम करणाऱ्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल 2022 मध्ये असा दंडक घातला, की सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी आणि यंत्रणेच्या नोंदवह्या, म्हणजे लॉग, 180 दिवस जपून ठेवाव्यात. कोणी, केव्हा, कोणत्या ठिकाणाहून कोणती नोंद उघडली याचा हा सियाह हजूरच होय, आणि आतल्या माणसाला आवर घालणारे याहून प्रभावी साधन नाही. मात्र लॉग लिहिणाऱ्यालाच तो पुसता येत असेल, तर त्याचा उपयोग हजेरीपटाइतकाच. म्हणून तो वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात असणे अपरिहार्य आहे. उपलब्धतेबाबत तर राज्यकर्त्यांचेच वर्तन तपासावे लागते : 26 सप्टेंबर 2021 रोजी शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरप्रकार रोखण्यासाठी जयपूरसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद ठेवले गेले, आणि त्या दिवशी कोणत्याही हल्लेखोराशिवाय मोबाइलवरून मिळणाऱ्या सरकारी सेवा लोकांसाठी ठप्प झाल्या.

13 सप्टेंबर 2019 रोजी जयपुरात सुरू झालेले ‘जन सूचना पोर्टल’ या साऱ्या इतिहासाचे फलित आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(2) नुसार नागरिकाने अर्ज करण्याआधीच माहिती पुढे ठेवण्याचा हा प्रयत्न असून, शिधा दुकानातील वाटप, रोजगार हमीची हजेरी, निवृत्तिवेतन यांची गावनिहाय माहिती त्यावर पाहता येते. हजेरीपट मिळवण्यासाठी झटलेल्या संघटनेचा त्यामागे मोठा वाटा आहे. खाजगी माहिती झाकावी आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब उघडा ठेवावा, हा भेद येथे नावागणिक करावा लागतो, आणि तो सोपा नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 याच्या कलम 44(3) ने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीचा अपवाद रुंद केला आहे. उद्या एखाद्या गावच्या हजेरीपटावरील नावे या आधारे झाकली गेली, तर 1994 पूर्वीची स्थिती नव्या यंत्रावर परत येईल. राजस्थान सरकारने असे होऊ देऊ नये, आणि पुढचे पाऊल म्हणून जनआधारमधील प्रत्येक कुटुंबाला आपली नोंद कोणत्या कार्यालयाने कधी उघडली हे पाहण्याचा अधिकार कायद्याने द्यावा.