गच्ची, संगीतिका आणि सीमाभागातला वाचक

विनोदी पुस्तकावरून वाचकांत मतभेद झाले की ‘आवड ज्याची त्याची’ म्हणून आपण विषय सोडून देतो. वाचकांच्या प्रतिसादाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र नेमके तिथेच थांबावे लागते. कोण कुठल्या पानावर हसला, कोण अडखळला, कोणी पुस्तक मिटून ठेवले आणि का, हे विचारावे लागते. पुस्तकात एखाद्या कलाप्रकाराचे विडंबन असेल तर हे काम अवघड होते आणि तितकेच आनंदाचेही. मूळ कला वाचकाला किती ठाऊक आहे आणि तिच्यावर त्याचा किती जीव आहे, या दोन्ही गोष्टी त्याच्या हसण्यात उतरतात. या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना मी एकच कृती समोर ठेवतो : पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकातली ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ ही संगीतिका. आणि ती वाचायला बसण्यासाठी जागा निवडतो बेळगाव-निपाणीचा सीमाभाग.

जागेची निवड सहज केलेली नाही. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे जन्मले. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले, आणि त्यामागची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची होती. म्हणजे कन्नड आणि मराठी रंगभूमीचे नाते मुळापासूनचे आहे. अण्णासाहेबांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यात पदांची संख्या दोनशेच्या आसपास होती. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. पुढच्या काळात वन्समोअरांनी नाटक पहाटेपर्यंत लांबायचे आणि प्रेक्षकांना त्यातच धन्यता वाटायची. गाण्याची ही ओढ इथल्या मातीत किती खोल आहे, हे सांगायला कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी बेळगावजवळच आहे, एवढे पुरे.

अशा कलेचे विडंबन बाहेरच्या माणसाकडून फारसे चांगले होत नाही. ते घरच्याच माणसाकडून व्हावे लागते. ‘एकच प्याला’ लिहिणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनीच ‘बाळकराम’ या टोपणनावाने वाचकांना हसवले. आकाशवाणीसाठी मंगेश पाडगावकरांनी लिहिलेल्या ‘बिल्हण’ या गंभीर संगीतिकेला संगीत देणारे पु. ल. हेच चाळीतल्या भाडेकऱ्यांच्या तोंडी पद्य घालतात. गिरगावातली एक काल्पनिक चाळ, तिची गच्ची, आणि ती मिळावी म्हणून मालकाविरुद्ध पेटलेला लढा, एवढाच विषय. पण सभा, घोषणा, शिष्टाई हे सारे गाण्यातून घडते, आणि घरगुती तक्रारीला संगीत नाटकाचा थाट चढतो. हसू येते ते विषयाचा लहानपणा आणि रूपाचा मोठेपणा यांतल्या अंतरामुळे. ज्याने ‘सौभद्र’ ऐकले आहे त्याला हे अंतर कानाने कळते. ज्याने ऐकलेले नाही त्याला ते केवळ डोळ्यांनी, कागदावर, पाहावे लागते.

इथेच मतांची पहिली फूट पडते. संगीत नाटकावर वाढलेल्या वाचकाला संगीतिका हा पुस्तकाचा कळस वाटतो. त्याच पिढीतला एखादा हळवा रसिक मात्र दुखावतो; बालगंधर्वांच्या पदांवर ज्याने जीव टाकला, त्याला त्या थाटाची थट्टा सोसत नाही. कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आजच्या तरुणाला त्याच पुस्तकातला ‘उपास’ एका बैठकीत वाचून होतो, पण संगीतिकेत तो रेंगाळतो आणि पुढच्या प्रकरणाकडे जातो. हे तिन्ही प्रतिसाद खरे आहेत. तिसऱ्या वाचकाला अरसिक ठरवण्याची घाई मला अजिबात मान्य नाही. पुस्तकाने आवाजावर जे सोपवले होते, तो आवाजच त्याच्या घरात आता नाही.

दुसरी फूट फक्त याच भागात दिसते, आणि माझ्या मते ती अधिक मोलाची आहे. संगीतिकेचे शीर्षक मराठी भाषकांच्या एका राज्यासाठी झालेल्या चळवळीतल्या ‘…सह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ या घोषणेवरून घेतले आहे. त्या घोषणेत मुंबईबरोबर बेळगाव, कारवार, निपाणीची नावे असत. १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो बेळगावच्याच साहित्य संमेलनात. १९५६ च्या जानेवारीत झालेल्या गोळीबारातल्या बळींसाठी १७ जानेवारीला इथे अजूनही हुतात्मा दिन पाळतात. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. तो दिवस मराठी भाषक काळा दिन मानतात. पुस्तक आले ते त्यानंतर दोन वर्षांनी, लढा ऐन भरात असताना. १९६० मध्ये मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि तिथल्या वाचकाला ती घोषणा जिंकलेल्या लढाईची आठवण म्हणून उरली. त्याला मोकळेपणाने हसता आले. निपाणीच्या वाचकासाठी ‘सह’च्या आधीचे आपल्या गावाचे नाव गळले आणि त्या जागी गच्ची आली. सीमाप्रश्नावरचा सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा अजून निकाली निघालेला नाही. शीर्षक तेच, शब्द तेच, पण एकाला इतिहास वाटतो ते दुसऱ्याला आजच्या वर्तमानपत्रातले वाटते.

म्हणून काही जण इथे म्हणतात की पुलंनी आमच्या दुखण्यावर विनोद केला. मला तसे वाटत नाही. संगीतिकेतली थट्टा मागणीची नाही. ती कुठल्याही चळवळीत शिरणाऱ्या पोकळ आवेशाची आणि पुढारीपणाच्या हौसेची आहे. पुलंना हा भाग परका नव्हता. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात त्यांनी शिकवले होते, आणि ‘गणगोत’मधल्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रात बेळगावच्या कृष्णराव हरिहरांचे संगीतवेड आणि कन्नड वळणाची मराठी त्यांनी ज्या जिव्हाळ्याने उभी केली आहे, ती जवळच्या माणसालाच साधते. तरीही दुखावलेल्या वाचकाचे म्हणणे चुकीचे म्हणून बाजूला सारता येत नाही. लेखकाला अभिप्रेत नसलेला अर्थ इतिहासाने त्या पानावर आणून ठेवला आहे आणि तो वाचणारा वाचक कृतीत भरच घालतो.

जगातही हे घडत आले आहे. जॉन गे यांनी १७२८ मध्ये ‘द बेगर्स ऑपेरा’ लिहून लंडनमधल्या इटालियन ऑपेराची खिल्ली उडवली. त्यावरून ब्रेख्त यांनी १९२८ मध्ये नवे नाटक केले आणि त्यावरून पुलंनी १९७८ मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’. टेरी प्रॅचेट यांच्या ‘मास्करेड’ (१९९५) या अद्भुतरम्य विनोदी कादंबरीत दुसऱ्याच मुलीच्या देखण्या रूपामागे लपून गावे लागणारी अॅग्नेस आहे. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ ठाऊक असलेला वाचक तिथे पानोपानी खुणा ओळखतो. तो ठाऊक नसलेला वाचक प्रॅचेट यांच्या ओळखीच्या चेटकिणींसाठी वाचत राहतो. गाणाऱ्या रंगभूमीच्या विडंबनाला वाचक असे विभागलेलेच मिळतात.

या क्षेत्राची खरी अडचण साधनांची आहे. छापील परीक्षणे पुण्या-मुंबईच्या वाचकाचे मत सांगतात. सीमाभागातल्या वाचकाचे मत चौकात, वाचनालयाच्या पायरीवर, तंबाखूच्या वखारीत बोलले गेले आणि विरून गेले. निपाणीत पिठाची गिरणी चालवत कथा-कादंबऱ्या लिहिणारे महादेव मोरे ज्या वाचकांमध्ये वावरले, त्यांच्या आवडीनिवडी कोणी टिपून ठेवल्या नाहीत. वाचनालयांतल्या जुन्या प्रतींच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे मात्र सापडतात. अभ्यासकांनी त्यांच्याकडे पुस्तकाची खराबी म्हणून पाहू नये.

नव्या अभ्यासकाला माझे सांगणे इतकेच : आधी ‘सौभद्र’ ऐका, मग ही संगीतिका मोठ्याने वाचा, शक्य तर घरातल्या सत्तरीपुढच्या माणसासमोर. त्यांनी हे पुस्तक पहिल्यांदा कुठे आणि कोणत्या साली वाचले आणि तेव्हा ते कुठे हसले, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत, गावाच्या नावासह, उतरवून ठेवा. १९५८ साली ही संगीतिका वाचलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. हे काम याच वर्षी हाती घ्या.