ऊतक-कॅसेट : क्रमांकन व जतन

शस्त्रक्रियेत किंवा बायोप्सीत काढलेला ऊतकाचा तुकडा ज्या सच्छिद्र प्लॅस्टिकच्या डबीत घालून प्रक्रियेला लावतात, ती कॅसेट. तुकडा साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा कापतात. त्याहून जाड ठेवला तर झाकणाखाली दबतो आणि द्रावणे आतवर पोचत नाहीत. डबीची पुढची कड तिरपी व खरखरीत असते. क्रमांक तिथेच लिहायचा. झाकणावर लिहिणे व्यर्थ, कारण मेणात बसवताना झाकण काढून फेकून देतात. खालचा भाग मात्र मेणाच्या ठोकळ्याची, म्हणजे ब्लॉकची, पाठ होऊन कायमचा राहतो.

लिहायला साधी पेन्सिल उत्तम. फॉर्मॅलिन, अल्कोहोल, झायलीन आणि सुमारे ६० अंश सेल्सिअसचे वितळलेले मेण यांतून रात्रभर जाताना बॉलपेनची शाई टिकत नाही, शिसे टिकते. मोठ्या प्रयोगशाळांत छपाईयंत्र बारकोडसह क्रमांक उमटवते. क्रमांकात वर्ष, केसचा अनुक्रम आणि तुकड्याचे अक्षर असते : ‘१२४०/२४ ए२’ असा. ए२ म्हणजे गाठ की कडेचा भाग, हे ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना पाहून तुकडे कापतानाच्या, नोंदीत सापडते. तुकडे किती घातले तेही तिथेच. रंगीत कॅसेटी सोयीच्या खऱ्या, पण प्रत्येक ठिकाणी रंगांचा संकेत वेगळा, म्हणून भिस्त क्रमांकावरच. अदलाबदल बहुधा टेबलावर एकाच वेळी दोन केसच्या कॅसेटी उघड्या असताना होते. आधीच लिहून ठेवलेल्या, न वापरलेल्या कॅसेटीही तितक्याच घातक.

स्लाइडसाठी काप घेऊन झाले की ब्लॉक क्रमाने खणांत लावतात, रुग्णाच्या नावाने नव्हे. कापलेल्या बाजूवर मेणाचा पातळ थर दिला तर ऊतक सुकत नाही. खोली थंड हवी. पत्र्याखालचा पोटमाळा उन्हाळ्यात ब्लॉकांची वाट लावतो. मुंग्या, झुरळे आणि उंदीर यांचाही बंदोबस्त लागतो. ‘कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स’ या अमेरिकेतील संस्थेच्या नियमानुसार ब्लॉक किमान १० वर्षे ठेवावे लागतात.

महाराष्ट्रात खणातून ब्लॉक बाहेर पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय. गावाकडे निदान झालेल्या रुग्णाचे नातेवाईक फेरतपासणीसाठी ‘ब्लॉक आणि स्लाइड’ मागायला येतात. तेव्हा नोंदवहीत सही घ्यावी, खणात रिकाम्या जागी तारखेची चिठ्ठी ठेवावी, आणि एकाच ठिकाणचे अनेक ब्लॉक असतील तर निदान एक मागे ठेवावा.