विरतें चित्र, हलतें चित्र

भिवंडीहून खाडी ओलांडली कीं कल्याण लागतें. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ हा दीपचित्रांचा खेळ सुरू केला. ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें मुंबईस आलीं तीं १८९६ सालीं. पटवर्धन पितापुत्रांच्या कांचा हातानें रंगविलेल्या असत. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था क्रमानें दाखवून तें हलल्याचा भास ते निर्माण करीत.

नुसती कांच बदलली तर चित्र झटक्यानें उडतें. ह्यावर इंग्लंडांतील दीपचित्रकारांनीं पूर्वींच तोड काढली होती: दोन दीप एकाच पडद्यावर रोखावयाचे आणि एकाचा प्रकाश मंदावत असतांच दुसऱ्याचा वाढवावयाचा. पहिलें चित्र विरतें, त्यांतूनच दुसरें उमलतें.

आज संगणकावरील कालरेषेवर हलणें आणि विरणें ह्यांच्या खुणा वेगवेगळ्या मांडतात. पात्र चालत असतांनाच विरूं लागलें, तर तें दूर गेलेंसें वाटतें. थांबल्यावर विरलें, तर जागच्या जागीं पुसलेंसें दिसतें. साधनें पालटलीं, डोळा तोच राहिला. म्हणून १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’पासून चित्रपटाचा इतिहास सांगतांना कल्याणच्या ह्या कांचा विसरल्या जाऊं नयेत.