दूरचित्रवाणी विज्ञानकथांतील भावना व तर्क

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथांमधून वारंवार हाताळले गेलेले एक कथासूत्र. भावनाशून्य बुद्धी व भावनाशील माणूस यांना समोरासमोर आणून, जिवावरच्या प्रसंगी कोणाचा निर्णय योग्य, असा प्रश्न त्यात विचारलेला असतो. परग्रहवासी, यंत्रमानव किंवा संगणक हे बहुधा शुद्ध तर्काचे प्रतिनिधी असतात. ह्या सूत्राचा प्रमुख विकास ब्रिटन व अमेरिकेत झाला. तथापि त्यामागील प्रश्न महाराष्ट्राला अपरिचित नाही. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर येथील गोरा कुंभारांच्या आख्यायिकेत तो निराळ्या रूपात आढळतो.

चेक नाटककार कारेल चापेक (१८९०–१९३८) याच्या आर. यू. आर. (१९२०) ह्या नाटकाने ‘रोबो’ हा शब्द रूढ केला. त्या नाटकाचा काही भाग बीबीसीने ११ फेब्रुवारी १९३८ रोजी दूरचित्रवाणीवरून सादर केला. दूरचित्रवाणीवरील पहिली विज्ञानकथा म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. बीबीसीच्याच डॉक्टर हू ह्या १९६३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत १९६६ साली ‘सायबरमेन’ अवतरले. हे मूळचे मानवसदृश जीवच होत. शरीराचे अवयव एकेक करून बदलताना त्यांनी दुबळेपणा समजून भावनाही काढून टाकल्या. त्यांचा एक जनक किट पेडलर हा स्वतः वैद्यकीय संशोधक होता.

ह्या सूत्राला सर्वाधिक लोकप्रियता मिळाली ती जीन रॉडनबेरी (१९२१–९१) याच्या स्टार ट्रेक (१९६६–६९) ह्या ७९ भागांच्या अमेरिकन मालिकेमुळे. लेनर्ड निमॉय (१९३१–२०१५) याने साकारलेला स्पॉक हा व्हल्कन पिता व मानवी माता यांचा पुत्र होय. व्हल्कन लोक भावनांना काबूत ठेवून तर्काने जगतात. त्यामुळे भावना व तर्क यांचे द्वंद्व येथे दोन पक्षांत न राहता एकाच व्यक्तीच्या अंतःकरणात येते. डॉक्टर मकॉय भावनेची बाजू मांडतो, तर दोघांचे ऐकून निर्णय घेण्याचा भार कप्तान कर्कवर पडतो.

‘द गॅलिलिओ सेव्हन’ (१९६७) ह्या भागात लहान यानातून गेलेले सात जण एका परग्रहावर अडकतात. यानाचे वजन घटविण्यासाठी काही जणांना मागे ठेवावे लागेल, असा हिशेब स्पॉक मांडतो. तेथील रहिवाशांना केवळ धाक दाखविला, तर ते विचारपूर्वक माघार घेतील, असा त्याचा होरा असतो. प्रत्यक्षात ते चवताळून हल्ला करतात आणि एक सहकारी प्राणास मुकतो. स्पॉकचे गणित चुकते ते भावनांच्या आहारी गेल्यामुळे नव्हे, तर दुसऱ्याच्या भावना हिशेबात न धरल्यामुळे. अखेरीस उरलेले सर्व इंधन पेटवून तो संकटाचा संकेत देतो आणि बचाव होतो. याउलट ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ (१९६७) मध्ये तर्कच योग्य ठरतो. इतिहासातील मोठा अनर्थ टाळण्यासाठी कर्कला आपल्या प्रेमाच्या स्त्रीचा मृत्यू उघड्या डोळ्यांनी पाहावा लागतो. निर्णय बरोबर असला, तरी त्याचे दुःख कमी होत नाही.

पुढे स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन (१९८७–९४) मध्ये ही मांडणी उलटली. ‘डेटा’ हा यंत्रमानव भावना टाकण्याऐवजी त्या मिळविण्यासाठी धडपडतो. महाराष्ट्रात मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८० नंतरच्या दशकात मूळ स्टार ट्रेक दूरदर्शनवर दाखविण्यात आली. करिश्मा का करिश्मा ह्या हिंदी मालिकेने २००३ मध्ये यंत्रबालिकेला भारतीय घरात आणले. तेथे हा प्रश्न विनोदाच्या अंगाने आला.

तेर (प्राचीन तगर) येथील आख्यायिकेत कसोटी वेगळी आहे. गोरोबाकांच्या घरी जमलेल्या संतांची मडकी कच्ची की पक्की, हे पाहण्यास मुक्ताबाईंनी त्यांना सांगितले. गोरोबांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर मारले. इतर शांत राहिले. पण नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. त्यांच्या विठ्ठलप्रेमात उणे काहीच नव्हते. उणे होते ते ज्ञान. म्हणूनच ते पुढे विसोबा खेचरांकडे गेले, असे परंपरा सांगते. पाश्चात्त्य मालिकांत तर्काला भावनेची जोड हवी, असे दिसते. तेरच्या आख्यायिकेत भावनेला ज्ञानाची भाजणी हवी, असे सुचविले आहे.

मराठी विज्ञानकथेने ह्या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘धूमकेतू’ ह्या कथेत पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू वैज्ञानिकांच्या गुप्त मोहिमेमुळे मार्गावरून ढळतो. घरी मात्र त्याचे श्रेय शांतियज्ञाला दिले जाते. गणित बरोबर आल्याने श्रद्धा बदलत नाही, हे त्यातील मर्म आहे.

मेंदूच्या अभ्यासानेही हे द्वंद्व वाटते तितके सरळ नसल्याचे दाखविले आहे. भावनांशी निगडित मेंदूभागास इजा झालेल्या काही रुग्णांची बुद्धी शाबूत असूनही त्यांना व्यवहारातील निर्णय घेता येत नाहीत, असे अंतोनियो दमासिओ याने १९९४ मध्ये मांडले. साध्य कोणते असावे, हे केवळ तर्काने ठरत नाही. तसेच साध्यापर्यंतची वाट केवळ भावनेने सापडत नाही. स्पॉकच्या इंधनज्योतीत आणि गोरोबांच्या थापटण्यात ह्याच दोन उणिवांची ओळख आहे.