अजिंठ्याच्या वाटेवरील मुक्काम : निवासविषयक निर्बंधांचा इतिहास
(सिल्लोड-अजिंठा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

सुटीच्या काळात एखाद्या प्रेक्षणीय स्थळाजवळ चार दिवसांसाठी घर भाड्याने घेणे ही गोष्ट आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंगवळणी पडली आहे. घराची निवड, दर आणि आरक्षण हे सारे व्यवहार भ्रमणध्वनीवरून उरकतात. मात्र ज्या घराचे आरक्षण झाले त्या घरास पाहुणे ठेवण्याची परवानगी आहे किंवा नाही, हा प्रश्न बहुधा प्रवासी दारात येऊन उभा राहिल्यानंतरच उपस्थित होतो. जगातील अनेक शहरांत या प्रश्नाने उग्र रूप धारण केले आहे. बार्सिलोना नगर प्रशासनाने पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचे जून २०२४ मध्ये जाहीर केले. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून अंमलात आलेल्या नियमांनुसार तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यावयाचे असल्यास यजमानाने त्याच घरात राहणे आवश्यक असून पाहुणे दोनपेक्षा अधिक असू शकत नाहीत. गोव्यात तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्यानेच पर्यटकांना पैसे घेऊन जागा देणाऱ्यास नोंदणी बंधनकारक केली आहे.

या वादाकडे महाजालाच्या युगातील नवी समस्या म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती अपुरी होय. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) ते जळगाव या मार्गावरील सिल्लोड, अजिंठा आणि घाटाखालचे फर्दापूर या पट्ट्यात अल्प मुदतीच्या मुक्कामाविषयीचे नियम दोन हजार वर्षांच्या कालपटावर तपासता येतात. प्रत्येक राजवटीत ‘कोणी राहावे, किती दिवस राहावे’ याचे नियम झाले. परंतु ‘पाहुणा ठेवण्याचा अधिकार कोणाचा’ हा प्रश्न मात्र स्थानिक कुटुंबाला वगळूनच सोडविला गेला, असे या इतिहासावरून दिसते.

विहार आणि निवासवाटप :

अजिंठ्याची लेणी आज चित्रांसाठी पाहिली जातात. त्यांतील बहुसंख्य लेणी मुळात निवासस्थाने होती, हे पाहणाऱ्याच्या लक्षातून निसटते. वाघूर नदीच्या वळणावरील या डोंगरात भिक्षू वर्षावासाचे तीन महिने काढीत. लेणे क्रमांक १२ मध्ये चित्रे जवळजवळ नाहीत, त्यामुळे सहलीतील मंडळी तेथे थांबत नाहीत. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत बोलके आहे. त्यात बारा खोल्या असून प्रत्येक खोलीत उशाकडे उंचवटा असलेले दोन दगडी ओटे कोरलेले आहेत. म्हणजे एकंदर चोवीस शय्या. तेथील लेखात घनामदड नावाच्या व्यापाऱ्याने हे खोल्यांसह निवासस्थान दान दिल्याची नोंद आहे. पुढे पाचव्या शतकात वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने लेणे क्रमांक १६ संघाला अर्पण केले. त्याच्या लेखातही या वास्तूचे वर्णन मुनिजनांचे निवासस्थान म्हणूनच येते.

चोवीस शय्या आणि येणारे भिक्षू अधिक असतील तर काय करावयाचे, याचे उत्तर विनयपिटकात आहे. चुल्लवग्गातील ‘सेनासनक्खंधक’ हा खंड शयनासनांच्या, म्हणजे निवासाच्या व्यवस्थेसाठीच आहे. निवासवाटपासाठी संघाने एक भिक्षू नेमावा. तो पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असावा आणि कोणती जागा दिली गेली व कोणती नाही याचे त्यास भान असावे, असे तेथे सांगितले आहे. त्याने प्रथम भिक्षू मोजावेत, मग शय्या मोजाव्यात आणि त्यानंतर वाटप करावे. उपनंद नावाच्या भिक्षूने श्रावस्तीत जागा घेतली आणि नंतर एका गावच्या विहारातही दुसरी जागा अडवून ठेवली. त्यावरून एका भिक्षूने दोन ठिकाणी जागा राखू नये असा नियम झाला. वर्षावासासाठी मिळालेली जागा पुढील ऋतूतही अडवून ठेवू नये, असाही दंडक आहे. पाली विनय हा थेरवाद परंपरेचा ग्रंथ असला तरी शयनासनाविषयीचे नियम अन्य परंपरांच्या विनयातही आढळतात. त्यामुळे अजिंठ्याच्या संदर्भात त्यांचा विचार करणे अप्रस्तुत ठरत नाही.

येथे निर्बंध आहेत, आणि ते कडकही आहेत. परंतु त्यांचा रोख उशिरा येणाऱ्या आगंतुकाला जागा मिळावी याकडे आहे. पुढील काळातील नियमांचा रोख नेमका कोठे बदलला हे तपासण्यासाठी हा मापदंड उपयोगी पडतो.

सराईपासून डाक बंगल्यापर्यंत :

मध्ययुगात दक्षिणेकडे जाणारा राजमार्ग याच घाटातून जात असल्यामुळे अजिंठा व फर्दापूर येथे सराया उभ्या राहिल्या. फर्दापूरची सराई औरंगजेबाच्या काळातील मानली जाते. उंच तट, एकच मोठा दरवाजा आणि आतील चौकाभोवती ओवऱ्या ही सराईची रचनाच तिचे नियम सांगते. सूर्यास्तानंतर दरवाजा बंद झाला की आतला प्रवासी सुरक्षित आणि त्याच वेळी राज्यसत्तेच्या नजरेखाली असे. आसईच्या लढाईनंतर (२३ सप्टेंबर १८०३) वेलस्लीने आपल्या जखमी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले तेही तटबंदी असलेल्या अजिंठा गावी.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्यास लेणी दिसल्यानंतर पाहुण्यांचा एक नवा वर्ग या भागात येऊ लागला. १८४४ मध्ये चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने नेमलेला रॉबर्ट गिल हा अजिंठा गावातील बारादरीत राहिला. तात्पुरत्या कामासाठी आलेला हा पाहुणा पुढील आयुष्याचा बहुतांश काळ याच परिसरात वावरला आणि १८७९ मध्ये निधन पावल्यावर भुसावळ येथे दफन झाला. गिल आणि पारो यांची कथा मराठी वाचकास परिचित आहे. १८५६ मध्ये मृत्यू पावलेल्या पारोची कबर अजिंठा गावात आहे. मात्र ही कथा प्रेमकथा म्हणूनच सांगितली जात असल्याने, एका परक्या माणसाच्या दीर्घ मुक्कामाला गावाने कसे सामावून घेतले ही तिची दुसरी बाजू उपेक्षितच राहिली.

गिलनंतर १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह येत राहिला. १९०९ ते १९११ या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्या समवेत नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी तरुण चित्रकार आले, तेव्हा त्यांचा मुक्काम फर्दापूर येथील तंबूंच्या छावणीत होता. १९१४ मध्ये निजाम सरकारने पुरातत्त्व खाते स्थापून गुलाम याझदानी यांच्याकडे त्याची सूत्रे सोपविली आणि लेण्यांच्या जतनाबरोबर पाहुण्यांची सोय हीही शासकीय बाब बनली. फर्दापूरचा डाक बंगला आणि सरकारी अतिथिगृह या दोन्ही वास्तू याच व्यवस्थेचा भाग होत. अतिथिगृहासाठी अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागे. डाक बंगल्यांचा सर्वपरिचित नियम असा, की चोवीस तासांनंतर नवा प्रवासी आल्यास आधीच्याने जागा सोडावी. वरकरणी हा नियम उपनंदाच्या प्रसंगातून निघालेल्या नियमाच्या जवळचा वाटतो. प्रत्यक्षात डाक बंगल्याचा ‘प्रवासी’ हा बहुतेक वेळा युरोपीय किंवा अधिकारी वर्गातील असे. गावकरी दूध, कोंबडी, बैलगाडी आणि हमाली पुरवी. यजमान म्हणून त्याचे नाव कोठेच येत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात याच सुमारास १८६७ चा सराई कायदा झाला होता. निजामाच्या मुलखात तो लागू नव्हता, तरीही पुढील साऱ्या नियमांचा साचा त्यात दिसत असल्याने त्याची दखल घेणे आवश्यक आहे. नोंदणी न झालेल्या सराईत कोणासही उतरवून घेता येत नसे. चालकाने चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणला नाही तर दंडाधिकारी नोंदणी नाकारू शकत असे. खोल्या व विहिरी स्वच्छ ठेवणे, चोरांना आत शिरण्यास उपयोगी पडतील अशा फांद्या तोडणे, पहारेकरी नेमणे, दरपत्रक लावणे, संसर्गजन्य आजाराची खबर पोलीस ठाण्यास देणे आणि मागणी झाल्यास मुक्कामी व्यक्तींचा लेखी अहवाल सादर करणे ही कर्तव्ये चालकावर होती. उल्लंघनास वीस रुपयांपर्यंत दंड होता आणि तिसऱ्या अपराधानंतर सराई चालविण्याचा अधिकारच जात असे. सरकार किंवा नगरपालिका स्वतः चालवीत असलेल्या सरायांना मात्र हा कायदा लागू नव्हता. नियमकर्त्याने स्वतःला नियमातून वगळण्याची ही पद्धत पुढेही टिकून राहिली.

अलिखित निर्बंध :

कागदावरील नियमांपेक्षा न लिहिलेले नियम अधिक कठोर असतात, याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनात्मक टिपणांत आहे. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी ते गेले तेव्हा हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. पारशी निवासगृहात उतरण्यासाठी त्यांना नोंदवहीत पारशी नाव लिहावे लागले. दर दिवसाला दीड रुपया ठरला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना खोली सोडण्यास भाग पाडले. उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्यास त्या शहरात राहण्यास जागा उरली नाही आणि सार्वजनिक बागेत काही तास काढून त्यांना मुंबईची गाडी धरावी लागली. १९३४ मध्ये वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी सहकाऱ्यांसह निघाले असता दौलताबाद किल्ल्याजवळील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना जो अपमान सोसावा लागला, तो तर याच जिल्ह्यातील प्रसंग आहे. ज्या लेण्यांत प्रथम भिक्षू आणि मग शय्या मोजण्याची रीत होती, त्यांच्या वाटेवर प्रथम जात मोजली जात होती.

संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) ने हॉटेलांतील प्रवेशाबाबतचा भेदभाव निषिद्ध ठरविला. १९५५ च्या कायद्याने (आताचा नागरी हक्क संरक्षण कायदा) धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख करून तेथील अस्पृश्यतेवर आधारित मज्जाव दंडनीय केला. हॉटेलच्या व्याख्येत भोजनगृहे व निवासगृहेही घेतली. आज शहरांतून घर भाड्याने देताना ‘फक्त शाकाहारी’ यासारख्या अटी घातल्या जातात तेव्हा नोंदवहीत खोटे नाव लिहिण्याची वेळ आणणारी ती मनोवृत्ती पूर्णतः इतिहासजमा झाली आहे, असे म्हणता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर व्यवस्था आणि गावातील घर :

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला तरी येथे भाडेविषयक हैदराबाद कायदा (१९५४) चालू राहिला. ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अंमलात आल्यावर तो मागे पडला. नव्या कायद्याने ‘पेइंग गेस्ट’ची व्याख्या केली : कुटुंबाचा घटक नसलेली, आणि परवाना देणारा स्वतः ज्या जागेत राहतो तिच्याच एका भागात राहावयास घेतलेली व्यक्ती. यजमान घरातच असावा ही न्यूयॉर्कची अट आपल्याकडे अशी शांतपणे आधीच येऊन बसली होती. केंद्र शासनाच्या ‘न्याहारी व निवास’ योजनेतही मालकाचे कुटुंब घरात राहत असणे आणि खोल्या सहापेक्षा अधिक नसणे या अटी आहेत.

अजिंठा परिसरात मात्र मुक्कामाची मुख्य सोय शासनाच्याच हाती राहिली. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विश्रामगृहांत शासकीय पाहुण्यास अग्रक्रम असतो. खासगी व्यक्तीचे आरक्षण ऐनवेळी रद्द होणे यात नवल नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने फर्दापूर येथे पर्यटक निवास उभारले. १९८३ मध्ये अजिंठ्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. स्मारकांभोवतीच्या बांधकामांवर १९९२ च्या अधिसूचनेने आणि २०१० च्या कायदादुरुस्तीने १०० मीटरपर्यंत मनाई व पुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. जपानच्या अर्थसाहाय्याने झालेल्या विकास प्रकल्पात खासगी वाहने लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवरील फाट्यावर थांबविण्यात आली आणि दुकानेही तेथे हलविली गेली. चित्रांच्या संरक्षणासाठी हे आवश्यकच होते, याविषयी दुमत नाही. पण याच वेळी गावातील घरांना अधिकृत निवास म्हणून उभे करण्याकडे तितकेसे लक्ष गेले नाही. परिणामी पर्यटक सकाळी संभाजीनगर किंवा जळगावहून येतो, दुपारी परततो आणि सिल्लोडला फार तर चहासाठी थांबतो.

एखाद्या कुटुंबाने दोन खोल्या अधिकृतपणे पर्यटकांना द्यावयाचे ठरविले तर पुढे येणारी कागदपत्रे १८६७ च्या कायद्याची आठवण करून देतात. पोलिसांकडील पडताळणी म्हणजे जुना वर्तणुकीचा दाखलाच होय. जपान, श्रीलंका किंवा थायलंडहून लेणी पाहण्यास आलेला बौद्ध यात्रेकरू घरी उतरला तर चोवीस तासांत माहिती देण्याचे दायित्व हॉटेलप्रमाणे त्या गृहिणीवरही येते. दीर्घकाळ हे दायित्व परकीय नागरिक कायदा, १९४६ व त्याअंतर्गत नियमांखाली होते. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू झाला आहे.

सर्वांत मोठी अडचण मात्र पोलीस ठाण्यात नसून गावठाणात आहे. नोंदणीसाठी मालकीचा पुरावा लागतो. शेतीला सातबारा असतो. त्यामुळे २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा लाभ शेत असलेल्यास घेता येतो. गावठाणातील घराला मात्र ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मिळतो. तो कर आकारणीचा दस्तऐवज आहे, मालकीचा नव्हे. ज्याच्याकडे शेत नाही, केवळ गावात दोन खणांचे घर आहे, तो मजूर किंवा कारागीर अशा रीतीने यजमान होण्यापूर्वीच वगळला जातो. केंद्राच्या ‘स्वामित्व’ योजनेतून एप्रिल २०२० पासून गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन सनद व मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. ती मिळकत पत्रिका हाती आल्यावरच घराच्या मालकाला नोंदणी अर्जातील मालकीचा रकाना प्रथमच भरता येतो.