आर्कम हाउस आणि वैश्विक भयकथेचे चाहते

वैश्विक भयकथा, म्हणजे जिच्यातील भय भुताखेतांचे नसून अफाट विश्वाला माणसाची कसलीच पर्वा नाही या जाणिवेचे असते अशी कथा, एच. पी. लव्हक्राफ्टने ‘वियर्ड टेल्स’ या अमेरिकी मासिकातून रूढ केली. ‘नेक्रोनॉमिकॉन’ हा त्याचा कल्पित ग्रंथ आणि कथुलूसारखी त्याची दैवते लेखकमित्रांनी आपापल्या कथांत खुशाल वापरावीत असे तो स्वतःच सुचवी, त्यामुळे वाचक आणि लेखक यांच्यातील सीमारेषा या वर्तुळात आरंभापासूनच पुसट राहिली. १९३७ साली तो वारला तेव्हा एकाही मोठ्या प्रकाशकाने त्याचा संग्रह काढलेला नव्हता.

ही उणीव त्याचे लेखकमित्र ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री यांनी भरून काढली. लव्हक्राफ्टला केवळ पत्रांतून ओळखणाऱ्या डर्लेथने घरबांधणीच्या कर्जातील रक्कम वळवून विस्कॉन्सिनमधील सॉक सिटी येथे १९३९ साली आर्कम हाउस ही प्रकाशनसंस्था उभी केली. बारीक टाइपात छापलेल्या ‘द आउटसायडर अँड अदर्स’ या तिच्या पहिल्या जाडजूड ग्रंथाच्या १२६८ प्रती खपायला काही वर्षे लागली. लव्हक्राफ्टच्या दैवतांना सुष्ट आणि दुष्ट अशा गटांत बसवून डर्लेथने मूळ कल्पनेची धार बोथट केली हे खरे, पण त्याच्या निष्ठेअभावी हे साहित्य जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांतच विरून गेले असते.

पुढे हे कथाविश्व खेळांतही उतरले: १९८१ साली सँडी पीटरसनने रचलेल्या ‘कॉल ऑफ कथुलू’ या भूमिकाखेळात, म्हणजे खेळाडूंनी पात्रे होऊन कथा पुढे नेण्याच्या खेळात, भयानक दृश्य दिसताच पात्राच्या मनःस्वास्थ्याचे गुण घटू लागतात.